बिनपगारी

१

मागावे बारा तेव्हा मिळतात दहा, हे त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात झाडणाऱ्यालाही ठाऊक होतं. पुढच्या वर्षाचा आराखडा करायची वेळ आली की प्रत्येक विभाग आपली मागणी फुगवून आणायचा. मासिकं सांभाळणाऱ्यांना चार कपाटं हवी असली तर ते सहा लिहायचे. वाचनकक्षाला वीस खुर्च्या हव्या तर तीस. वरची समितीही काही दूधखुळी नव्हती. तिला हे माहीत, आणि तिला माहीत आहे हे यांना माहीत. समिती काटछाट करायची, विभाग तोंडं पाडायचे, आणि शेवटी ज्याला जेवढं हवं तेवढं मिळून सगळे चहा प्यायचे.

हे सगळं कागदावर उतरवणारी एक बाई होती. भल्यामोठ्या कागदावर पट्टी धरून ती अशी रेघ ओढायची की शिपाई तात्या म्हणायचा, "ताई, तुमच्या रेघेवरून मुंगी निघाली तर तिची वाट चुकायची नाही." त्यानेच तिचं नाव पाडलं, आखणीबाई. ते तिला असं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तरी ती वळून बघायची नाही.

तिचा थोरला भाऊ त्याच इमारतीच्या तळघरात पुस्तकं बांधायचा. आईबाप गेले तेव्हा ती सात वर्षांची आणि तो सतराचा. त्याने शाळा सोडून सुई हातात घेतली. तिला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि चार वर्षांत नवरा गेल्यावर तिची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिला परत घरी आणलं. त्यावर आजवर एक शब्द बोलला नव्हता. असं माणूस.

अकरा वर्षांपूर्वी समितीने नेम धरला, की दर वर्षी ग्रंथालयातली माणसाची एक जागा काढायचीच. पहिलं बोट तळघरावर पडलं. बांधणी काय, बाहेरून करून घेता येईल. त्या दिवशी आखणीबाईने डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने तक्त्यात दादाच्या ओळीखाली आणखी एक ओळ आखली. सहायक बांधणीकार, एक, जागा रिकामी. असा माणूस कधी नव्हताच. पण मागितले दोन तर उरेल एक.

अध्यक्षांनी तांबडी पेन्सिल काढली, पट्टी ठेवली, आणि ती खालची ओळ डावीकडून उजवीकडे खोडली. दादा राहिला.

पुढच्या वर्षी तिने तीच ओळ पुन्हा लावली. त्याच्या पुढच्या वर्षीही. अकरा वर्षं तो नसलेला माणूस तिने समितीपुढे उभा केला, आणि अकरा वेळा तो खोडला गेला. आयता बकरा म्हणतात तो हाच. आणि त्यात कुणाचं काय जात होतं?

२

मधल्या एका वर्षी समितीतले एक गृहस्थ पाहणीला आले आणि विचारू लागले, की हा तुमचा सहायक बसणार कुठे. तेव्हापासून तळघरात दादाच्या टेबलाशेजारी एक स्टूल आलं. दुसऱ्या खुंटीवर दुसरा एप्रन आला. एक सुई, मेण लावलेल्या दोऱ्याचं एक रीळ, कान तुटलेला एक कप. तात्याने त्याचंही बारसं करून टाकलं. "बिनपगारी, फुल अधिकारी," तो म्हणायचा. "काम नाही, धाम नाही, वर्षातनं एकदा मरायचं. अशी नोकरी मला का नाही मिळाली?"

मग रोज अकरा वाजता तात्या चहा घेऊन खाली उतरायचा आणि तिसरा कपही भरायचा. "घ्या, बिनपगारीसाहेब." दादा हसायचा. कप निवला की तात्याच तो पिऊन टाकायचा.

यंदाच्या आराखड्याचे दिवस आले. मापं लिहून घ्यायला आखणीबाई तळघरात गेली आणि जाता जाता सहज तिचा हात दुसऱ्या एप्रनला लागला.

एप्रन ओला होता. पोटाशी जिथे माणूस हात पुसतो तिथे खळ लागली होती, ताजी, अजून चिकट.

"दादा, तू याचा एप्रन घातलास?"

"माझा काय फाटलाय?"

"मग खळ कुणाची?"

"तात्याचा चावटपणा असेल. म्हातारा झाला तरी खोड जात नाही."

आखणीबाईलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. फक्त वर जाताना तिच्या मनात आलं, तात्या उंचीने जेमतेम पाच फूट. एप्रन त्याने घातला असता तर ती खळ त्याच्या मांडीवर आली असती.

३

चार दिवसांनी दादाने तिला खाली बोलावलं. टेबलावर बारा ग्रंथ रचून ठेवले होते.

"हे सकाळी आलो तर तयार. धाकटे, तू कुणाला पाठवलंस का?"

"मी कुणाला पाठवू?"

"मला वाटलं, जागा भरून घेतलीस. बघ तरी हात. माझ्यापेक्षा सरस आहे." दादाने पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. त्याला आनंदच झाला होता. चाळीस वर्षं एकट्याने काम केलेला माणूस तो. "टाका दिसतच नाही. नाहीतर तुझे टाके. कोसाकोसावर एक गाव."

हे तो लहानपणापासून म्हणायचा. त्याच्या सदऱ्याला तिने लावलेलं बटण दुपारपर्यंत टिकायचं नाही.

आखणीबाईने एक ग्रंथ उघडला. पान उलटताना तिचं बोट अडखळलं. पानाच्या मधोमध, अक्षरांच्या दोन ओळींमध्ये, काहीतरी उंचवटा होता. डोळ्यांना दिसत नव्हता, बोटाला लागत होता. तिने पान उजेडासमोर धरलं. ते डावीकडून उजवीकडे सरळ कापलेलं होतं आणि केसाएवढ्या दोऱ्याने परत शिवलेलं होतं. पुढचंही. त्याच्या पुढचंही. सहाशे पानं. एकदा अख्खा ग्रंथ मधून कापला होता आणि मग पान पान जोडलं होतं.

"हे फाटलेले होते का रे?"

"कुठले. नवे कोरे. फक्त पुठ्ठा बदलायचा होता."

दादा अजून हसतच होता. त्याच्या हसण्यामुळे तिला जास्त भीती वाटली.

तिने स्वतःची समजूत घातली. कामाच्या शोधातला कुणी गरजू असेल, मागच्या दाराने येत असेल, आपला हात दाखवत असेल. जगात वेडे कारागीर काय थोडे आहेत? मागच्या दाराला तिने नवं कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी तात्या सुपलीतून एक उंदीर घेऊन वर आला. तळघरात उंदीर मरणं काही नवं नव्हतं. पण तात्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "ताई, याचं पोट बघा."

उंदराच्या अंगाभोवती, बरोबर मधोमध, टाक्यांची एक ओळ होती. बारीक, घट्ट, एकसारखी. कुणीतरी त्याचे दोन तुकडे केले होते आणि परत एक केले होते.

"मांजराने धरला असेल," आखणीबाई म्हणाली.

"हो," तात्या म्हणाला. "शिवणकाम शिकलेल्या."

४

त्यानंतर तात्याने तिसरा कप भरणं बंद केलं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो कप फुटलेला सापडला, चार सारखे तुकडे, आणि तुकडे ओळीने मांडलेले. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, दादा वर खळीचं पीठ आणायला गेला असताना तात्या तळघरात रद्दी गोळा करत होता.

पानांच्या कडा छाटायचं तिथलं यंत्र लोखंडी, बैलाएवढं. वरती हाताने फिरवायचं चाक, आणि त्याच्याखाली हातभर लांब पातं. चाक एकदा फिरवलं म्हणजे पातं दोन बोटं खाली यायचं. पुरतं टेकायला अकरा फेरे लागायचे. त्यामुळे त्या यंत्राची भीती कुणालाच नव्हती. कुणी हात घालून विसरला तरी काढायला वेळ असे.

ओरडणं पहिल्या मजल्यावर ऐकू आलं. आखणीबाई धावत खाली गेली तेव्हा तात्या यंत्राशी गुडघ्यावर बसला होता. उजवा हात दुसऱ्या हाताने गच्च धरलेला, आणि धरलेल्या जागेतून नळाची चकती गेल्यावर पाणी येतं तसं रक्त येत होतं. भिंतीवर, रद्दीवर, त्याच्या दाढीवर रक्त. चार बोटं नव्हती. अंगठा तेवढा होता.

"चाक फिरताना ऐकू आलं," तात्या म्हणाला. दात वाजत होते. "हात निघेना. कुणीतरी मनगट धरलं होतं, ताई. सबंध अकरा फेरे. मी मोजले."

मागोमाग धावत आलेल्या दादाने सदरा फाडून हात बांधला. बोटं बरोबर न्यावी, डॉक्टर जोडतात, म्हणून आखणीबाई पात्याखाली शोधू लागली. तिथे नव्हती. रद्दीत नव्हती. ती स्टुलावर होती. लहान ते मोठं अशी ओळीने मांडलेली, आणि त्यांच्याशेजारी मेण लावलेल्या दोऱ्याचा वीतभर तुकडा कापून ठेवलेला.

कुणीतरी शिवायची तयारी केली होती. मग माणसांची चाहूल लागली म्हणून राहून गेलं.

इस्पितळात बोटं जोडता आली नाहीत. यंत्र दुरुस्त करणारा आला, त्याने चाक, पातं, मळसूत्र सगळं तपासलं. म्हणाला, "बाई, हे आपोआप पडणं शक्य नाही. कुणीतरी फिरवलंय." मग आखणीबाईकडे पाहून म्हणाला, "म्हाताऱ्याचं कुणाशी वैर होतं का?"

५

समितीची बैठक गुरुवारी होती. तक्ता अजून तिच्या टेबलावर पडून होता. दादाची ओळ, आणि खालची ती ओळ.

ती ओळ ठेवली तर बाराव्यांदा खोडली जाणार. आणि खोडून खोडून त्याचं काय झालंय ते तिने स्टुलावर पाहिलं होतं. ती ओळ काढली तर तांबडी पेन्सिल दादावर येणार. दादाची दोन वर्षं उरली होती. ती भरली तर म्हातारपणी हातात काहीतरी पडेल, नाहीतर हात हलवत घरी. आगीतून निघून फुफाट्यात, दुसरी वाट नाही.

ती दादाकडे गेली. तळघर पाण्याने धुतलं होतं तरी कोपऱ्यात तपकिरी डाग राहिला होता. स्टुलाकडे तिने पाहिलं नाही.

"दादा, चार दिवस रजा घे."

"आराखड्याच्या तोंडावर? म्हणजे त्यांना सांगायलाच नको, जागा रिकामी दिसली की गेली."

"तुला इथे भीती वाटत नाही?"

दादाने सुईत दोरा ओवला. मग हळूच म्हणाला, "मला तो काही करत नाही. शेजारी बसतो. मी मान वर करत नाही एवढंच. टाका चुकला तर तो माझ्या हाताला हात लावतो. गार असतो."

"आणि मला हे आज सांगतोस?"

"तुला सांगून काय? तूच त्याला आणलंस ना." त्याच्या बोलण्यात दोष नव्हता, राग नव्हता. "धाकटे, माझ्याकरता तू अकरा वर्षं एका माणसाला पुढे केलंस. त्याला कुणी विचारलं होतं?"

त्या वाक्याने तिला वाट दिसली. की दिसल्यासारखं वाटलं, कोण जाणे. खोडणं हाच जर त्याचा राग असेल, तर या वेळी खोडू द्यायचं नाही. इतकी वर्षं ती खालची ओळ मांडून गप्प बसायची, पेन्सिलीची वाट बघत. आता तोंड उघडायचं. त्या जागेसाठी भांडायचं, ती मंजूर करून घ्यायची. तो कागदावर राहिला की शांत होईल. दादाही राहील.

बुधवारी तिने तक्ता नव्याने आखला. एकही रेघ हलली नाही.

६

बैठक वाचनकक्षात भरली, बरोबर तळघराच्या डोक्यावर. समितीची पाच माणसं, ग्रंथपालसाहेब, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर आखणीबाई. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. कपाटांचं, खुर्च्यांचं, पंख्यांचं झालं. मग अध्यक्षांनी सवयीने तांबडी पेन्सिल काढली आणि पट्टी खालच्या ओळीवर ठेवली.

"साहेब, ती ओळ खोडू नका," आखणीबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ग्रंथपालसाहेबांनी चहाच्या कपात तोंड घातलं.

"अकरा वर्षं तुम्ही ही जागा मागता आणि आम्ही काढतो," अध्यक्ष म्हणाले. "आज काय विशेष?"

ती बोलली. आयुष्यात बोलली नव्हती अशी. किती ग्रंथ फाटून पडलेत, एका माणसाला किती वर्षं लागतील, दोन असतील तर किती, सगळं तोंडपाठ. आणि बरोबर आणलेला एक ग्रंथ तिने टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तो फिरवून पाहिला, पाठ दाबून पाहिली. पानं त्यांनी उलटली नाहीत.

"सुरेख काम आहे. तुमच्या भावाचं?"

"नाही. या जागेवरच्या माणसाचं. येऊन करतो तो, बिनपगारी."

"असा माणूस आणि तुम्ही त्याला दारात उभं ठेवलंय?" अध्यक्षांनी बाकीच्यांकडे पाहिलं. माना हलल्या. "ठीक आहे. पटलं. ही जागा मंजूर."

आखणीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हात जोडले.

"पण नेम तो नेम," अध्यक्ष म्हणाले. "एक जागा तर जायलाच हवी. आणि एवढा चांगला हात मिळाल्यावर दोघे कशाला?" त्यांनी पट्टी एक ओळ वर सरकवली. "तुमच्या भावाची दोनच वर्षं उरलीत ना?"

"नको," ती म्हणाली. "साहेब, तो नको. तीच खालची खोडा. मी खोटं बोलले. असा माणूस नाहीच."

"बाई, ग्रंथ समोर आहे."

ती उठली, पण टेबल लांब होतं. पेन्सिल कागदाला डाव्या कडेला टेकली आणि सावकाश उजवीकडे निघाली. त्याच वेळी पायाखालच्या फरशीतून एक आवाज आला. लोखंडावर लोखंड घासल्याचा. एक फेरा. मग दुसरा. खोलीत कुणीही मान हलवली नाही.

आखणीबाईची खुर्ची उलटी पडली. ती दाराबाहेर होती.

७

तळघराला बावीस पायऱ्या. पाचव्या पायरीवर सहावा फेरा ऐकू आला, बाराव्या पायरीवर नववा. ती घसरली, गुडघा फुटला, उठली. शेवटच्या पायरीला पाय लागला तेव्हा अकरावा फेरा झाला आणि आवाज थांबला.

दादा टेबलाशी उभा होता. धड, सबंध. यंत्रापासून चार हात लांब. पात्याखाली काहीच नव्हतं.

"झालं का?" त्याने विचारलं. "काढलं बिचाऱ्याला?"

ती दाराला धरून उभी राहिली. दादाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्याला तिचं सगळं न सांगता कळायचं.

"हात्तिच्या," तो म्हणाला. "एवढंच ना? जाऊ दे. चाळीस वर्षं वाकून पाठ मोडली, आता उन्हात बसेन." असं म्हणत त्याने कमरेची गाठ सोडली आणि एप्रन काढून आपल्या खुंटीला अडकवला.

त्याच्या सदऱ्यावर, छातीच्या खाली, डावीकडून उजवीकडे एक तांबडी रेघ होती. पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ. आखणीबाईने स्वतः ओढावी इतकी सरळ. तिला वाटलं, पेन्सिलच आहे, कुठे घासली असेल. मग रेघ ओली झाली. मग रुंद झाली. सदऱ्याचा खालचा भाग एकाएकी जड होऊन काळा पडला आणि फरशीवर रक्त पडल्याचा आवाज झाला, बादली लवंडावी तसा.

दादा खाली पाहत होता. त्याने दोन्ही हातांनी वरचा भाग आणि खालचा भाग एकत्र धरला, पाठ निखळलेलं पुस्तक धरतात तसा, आणि टेबलाला टेकून सावकाश खाली बसला.

"दादा."

"येतोय तो," दादा म्हणाला. "घाबरू नको."

ती त्याच्याजवळ गुडघ्यावर कोसळली. दोन्ही तळवे तिने त्या रेघेवर दाबले, पण रेघ तिच्या हातांहून लांब होती. शेजारचं स्टूल करकरलं. खांद्याशी गारवा आला. तिने मान वर केली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून फक्त एक हात पुढे आलेला दिसला, बाही कोपरापर्यंत सारलेली. मनगटावर टाक्यांची एक ओळ होती. चार बोटं वर दुसरी, त्यावर तिसरी, आणि त्या तशाच बाहीच्या आत चढत गेल्या होत्या. प्रत्येक टाका बारीक, घट्ट, एकसारखा. कुणी मदतीला नसताना स्वतःच्या अंगावर घातलेला.

त्या हातात सुई होती. दोरा ओवलेला, मेण लावलेलं, गाठ मारलेली. टोक स्वतःकडे धरून त्याने ती तिच्यापुढे केली, थोरामोठ्यांना देतात तशी अदबीने.

वर खुर्च्या सरकल्या. जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी म्हणालं, "चला, यंदाचं झालं."

"घे," दादा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त लांबून आल्यासारखा. "घे धाकटे. टाका मात्र जवळ जवळ घाल. पुढच्या वर्षापर्यंत टिकला पाहिजे."

आखणीबाईने सुई घेतली.